कामात अर्थ सापडलाय का कुणाला? की सगळेच नुसते लॉगिन-लॉगआउट?

निळी_छत्री | मंगळवार, रात्री ११:४०

लोकहो, बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी ४३, पुण्यात, सॉफ्टवेअर टेस्टिंग. १९ वर्षं झाली. पगार बरा, माणसं बरी, साहेब तर फारच बरा, म्हणजे तक्रारीला जागाच नाही आणि तीच पंचाईत आहे. गेली अडीच वर्षं एका प्रॉडक्टवर घासली. टेस्ट केसेस किती लिहिल्या याचा हिशोब नाही, दिवाळीत पाडव्याला लॅपटॉप उघडून बसलेय. गेल्या महिन्यात गुरुवारी दुपारी मीटिंग, त्यात स्लाइड, स्लाइडवर लिहिलेलं की आपण हे प्रॉडक्ट 'सनसेट' करतोय, म्हणजे कायमचं बंद. सनसेट! अहो लाँचच झालं नव्हतं, उगवलंच नाही ते मावळणार कुठून?

आणि सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू? मला वाईटच वाटलं नाही. घरी येताना कोथिंबीर घेतली, मुलाचा युनिफॉर्म इस्त्रीवाल्याकडून आणला, जेवले, झोपले. रात्री दोनला जाग आली आणि डोक्यात एवढंच की अडीच वर्षं जे केलं ते जगात कुठेच नाहीये आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

माझे बाबा बस-बॉडी फिटर होते. कंपनीतून नुसती चासी यायची, ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर पण नाही, तो कानाला मफलर आणि डोळ्याला गॉगल लावून शेकडो किलोमीटर तशीच चालवत आणायचा. मग बाबा आणि त्यांची गँग त्याच्यावर सांगाडा उभा करणार, पत्रे ठोकणार, खिडक्या बसवणार. ३४ वर्षं हेच. आज ७४ चे आहेत, टीव्ही इतका मोठ्याने लावतात की खालच्या काकूंना सिरियल फुकटात ऐकायला मिळते, पण अजूनही कुठल्याही बसमध्ये चढले की आधी खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवणार, पत्र्यावर बोटाने टकटक करणार, वाकून सीटखाली बघणार आणि मगच बसणार. मागे रांग तुंबलेली असते, कंडक्टर ओरडतो, यांचं आपलं चालूच. लहानपणी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता हेवा वाटतो. माणसाला आपलं काम हात लावून बघता येतं, मी कशाला हात लावू?

तर प्रश्न एवढाच. तुम्हाला तुमच्या कामात अर्थ सापडला का, कधी सापडला, की हे सगळं पोट भरलेल्या माणसाचं दुखणं आहे? खरं खरं लिहा, सुविचार नकोत. सुविचारांना आमचा फॅमिली ग्रुप समर्थ आहे.

---

पोहे_विथ_शेव | रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवतो. दोन गोष्टी आधीच बजावतो, नासाच्या झाडूवाल्याने केनेडींना काय सांगितलं ('मी माणूस चंद्रावर पाठवायला मदत करतोय') ती गोष्ट कुणी टाकू नका, तशी भेट झाल्याचा धड पुरावा नाही, आणि इकिगाईची, म्हणजे त्या जपानी 'जगण्याच्या कारणा'ची, चार वर्तुळं पण नकोत.

---

खर्डेघाशा | बुधवार, सकाळी ९:१०

मी सहकारी बँकेत २२ वर्षं. अर्थ बिर्थ काही नाही. नोकरीकडे मी दूधवाल्यासारखं बघतो, तो दूध घालतो मी पैसे देतो, त्याने माझ्यावर प्रेमही करावं अशी अपेक्षा नाही. आपण उगाच नोकरीला नवऱ्याचा, बायकोचा, देवाचा सगळ्यांचाच रोल देऊन ठेवलाय. साडेपाचला काउंटर बंद, विषय संपला.

माझा रविवार मात्र वेगळा असतो. आमचा १५-१६ जणांचा ग्रुप आहे, गडावरच्या पाण्याच्या टाक्यांतला गाळ काढतो. घमेली हातोहात वर द्यायची साखळी असते, कंबर मोडते, पण दगडातून झिरपून पहिलं स्वच्छ पाणी आलं की कुणी कुणाशी बोलत नाही दोन मिनिटं. तिथे पगार नाही आणि मी तिथे कधी घड्याळ बघितलेलं नाही.

---

निळी_छत्री | सकाळी ९:३४

@खर्डेघाशा म्हणजे अर्थ हवाच आहे की तुम्हाला, फक्त पत्ता वेगळा.

---

खर्डेघाशा | सकाळी ९:४१

असेल. पण गडाच्या पायथ्यापर्यंतचं एसटीचं तिकीट आणि घमेली काउंटरवरच्या पैशातून येतात, हे विसरून चालत नाही. आणि ताई, आठवड्याचे सहा दिवस जिथे जातो तिथे अर्थ शोधायला लागलो तर मला बीपीची गोळी लागेल.

---

नागोयाकर | सकाळी १०:०५

पोहेराव माफ करा, इकिगाई आणतोच, पण तुमच्याच बाजूने. मी ११ वर्षं जपानात आहे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात. ते चार वर्तुळांचं चित्र जपानी नाहीच. मुळात आन्द्रेस सुसुनागा नावाच्या एका स्पॅनिश ज्योतिषाने काढलेलं, त्यात मधोमध 'पर्पज' असं होतं. २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश माणसाने ब्लॉग लिहिताना मधला शब्द काढून तिथे इकिगाई टाकला आणि झालं, जगभरच्या ट्रेनिंगवाल्यांची सोय झाली. इथल्या माणसांना पैसा, आवड, जगाची गरज असलं गणित डोक्यातही नसतं. माझ्या लाइनवर एक ६१ वर्षांच्या बाई आहेत, त्यांना विचारलं तुमचं इकिगाई काय, तर म्हणाल्या माझा कुत्रा. विषय कट.

पण एक गोष्ट खरंच वाचण्यासारखी आहे. मिएको कामिया म्हणून मानसोपचारतज्ज्ञ होत्या, नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्यांनी काम केलं आणि १९६६ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं. तिथल्या लोकांना जेवण, औषध, छप्पर सगळं मिळायचं, तरी दिवस रिकामा जातो हे बऱ्याच जणांचं मोठं दुखणं होतं. पोट भरल्यावरचं दुखणं का असं तू विचारलंस ना, तर बहुतेक हो, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी १०:२२

आता जपानपर्यंत गेलेच आहात तर आमचं वरोरा काहून राहिलं बाप्पा? बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली, मग आनंदवन उभं केलं ते याच मुद्द्यावर. भीक देणाऱ्यांची कमी नव्हती, काम देणारं कोणी नव्हतं. ज्यांच्या बोटांत संवेदना नाही त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, आणि सुरुवातीला तिथला भाजीपाला घ्यायलाही गावातले लोक बिचकत. माझा आजा सांगायचा, लोकांनी पहिल्यांदा आनंदवनाची भाजी विकत घेतली तो दिवस तिथल्या लोकांसाठी औषधापेक्षा मोठा होता. फुकट दिली असती तर नसता झाला.

---

मैना_कॉर्पोरेट | दुपारी १:१५

मी एचआरमध्ये आहे (चपला नंतर मारा). आमच्याकडे याच्यावर सेशन घेतात म्हणून थोडं माहितीये. अ‍ॅमी रेझनेव्हस्की आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा पेपर आहे, त्यात माणसं आपल्या कामाकडे तीन तऱ्हांनी बघतात असं मांडलंय, नुसती नोकरी, किंवा करिअर, किंवा ज्यासाठी आपण जन्मलो असं वाटणारं काम. गंमत म्हणजे एकाच ऑफिसात एकाच पदावर बसलेली माणसंही या तिन्हींत विभागलेली सापडली, म्हणजे कामाच्या नावावरून काही ठरत नाही. नंतर २००१ मध्ये त्यांनी जेन डटनबरोबर हॉस्पिटलमधल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं. काही जण म्हणायचे आम्ही फक्त साफसफाई करतो, आणि काही जण तेच काम करताना पेशंटशी बोलायचे, नातेवाइकांना रस्ता दाखवायचे, स्वतःला पेशंट बरं करणाऱ्यांपैकीच समजायचे. काम तेच, पण त्यांनी ते आपल्या हाताने थोडं थोडं बदलून घेतलेलं. तर छत्री, तुझ्याकडे बदलता येण्यासारखं काय आहे ते बघ असं मी म्हणेन.

---

निवृत्त_गुरुजी | दुपारी ३:३०

छान चर्चा चालू आहे. मला आमचे सावता महाराज आठवले. अरणचे माळी, आयुष्य मळ्यात गेलं. पंढरपूर जवळ असूनही वारीला गेले नाहीत, मळ्यातच पांडुरंग बघितला. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि पांडुरंगाची पालखी मात्र सावतोबांच्या पुण्यतिथीला अरणला येते, हा मान केवढा मोठा ते सांगा. आमच्या परंपरेत गोरोबा मडकी करत, सेना महाराज हजामत, नरहरी महाराज सोनारकाम. काम सोडून देव शोधायला कुणी गेलं नाही. आजच्या पिढीला हे कळलं तर असे प्रश्न पडणार नाहीत.

---

चौथी_पिढी | संध्या ७:४८

मैनाताई आणि गुरुजी दोघांना मिळून लिहितो.

मी एका महापालिकेत सफाई कामगार आहे. पणजोबा, आजोबा, वडील, मी. वडिलांच्या जागी लाड-पागे समितीच्या शिफारशीप्रमाणे वारसा हक्काने लागलो. बी.कॉम. आहे. ऑर्डर आली तेव्हा आईने पेढे वाटले आणि मी रात्री उशीत तोंड घालून रडलो, दोन्ही खरं आहे. कायम नोकरी आहे, पगार वेळेवर होतो, कंत्राटावर असलेल्या मित्रांपेक्षा मी लाख पटीने बरा आहे हे मला माहितीये, तेव्हा कृपया ते समजावायला कुणी येऊ नका.

मैनाताई, तो अभ्यास खरा असेल, मी पण पेशंटशी बोललो असतो. फक्त मला एक सांगा, असा अभ्यास ट्रेनिंगमध्ये कुणाला दाखवतात? साहेब लोकांना दाखवतात ना? मग साहेब येऊन आम्हाला सांगतात की कामाकडे बघायची दृष्टी बदला. गमबूट मागितले की दृष्टी मिळते.

गुरुजी, सावतोबा सांगितलेत, चोखोबा का राहिले? मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं, भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले, १३३८ साल सांगतात. देव मळ्यात भेटायला मळा आपला लागतो. ज्याला कामाला जुंपलं जातं त्याने त्यात कुठला पांडुरंग बघायचा ते पण सांगा. २०१३ मध्ये कायदा झाला, हाताने मैला उचलायला लावायचं नाही, संरक्षण साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायचा नाही, तरी दर थोड्या दिवसांनी पेपरात कुठे ना कुठे गुदमरून मेलेल्यांची बातमी असतेच. भिंत अजून पडतेच आहे.

आता धाग्याचा प्रश्न. सकाळी सहाला कोठीवर हजेरी, साडेनऊपर्यंत माझा बीट झाडून होतो. मग एक दहा मिनिटं असतात, गल्ली पूर्ण रिकामी आणि स्वच्छ, ऊन तिरकं येतं, कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. मी झाडू टेकवून चहा पितो आणि बघतो. मग कुठल्या तरी खिडकीतून दिवसातली पहिली पिशवी येते. ती दहा मिनिटं मला आवडतात, मनापासून आवडतात, हे मी घरी पण कधी बोललेलो नाही. पण तेवढ्यावरून मला कुणी सांगू नये की तुझं काम पवित्र आहे. पवित्र असतं तर इथल्या कुणाची तरी चौथी पिढी त्यात असती.

---

पोहे_विथ_शेव | संध्या ८:०२

...

काही लिहिणार होतो, खोडलं. +१.

---

मैना_कॉर्पोरेट | रात्री ८:४०

तुमचं बरोबर आहे. सेशनला समोर मॅनेजरच असतात. या बाजूने मी कधी बघितलंच नव्हतं, आणि आता बघितलं म्हणून पाठ थोपटून घ्यायलाही नको वाटतंय.

---

निवृत्त_गुरुजी | रात्री ९:१५

मी ३१ वर्षं शिकवलं. सावतोबांवर तास तास बोललो आणि चोखोबांची भिंत एका वाक्यात उरकली, ती समाधी नामदेव पायरीसमोर आहे एवढं सांगून पुढच्या धड्यावर. तुमचं वाचून तेच आठवत बसलोय मघापासून. माझ्या आधीच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मागे घेतो, संपादन करून पुसत नाही, राहू दे तसंच.

---

रानवाटा | रात्री १०:३०

मी आशा आहे, म्हणजे नावाने नाही, कामाने आशा वर्कर. १३ वर्ष झाले. मोबाईलवरून टाईप करते चुकलं तर समजून घ्या.

आमच्याकडे अर्थ भरपूर आहे मोबदलाच कमी आहे. बाळ झालं की आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातो, झोळीच्या काट्यावर वजन करायचं, ताप बघायचा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त भरले तर धोका, लगेच पाठवायचं. ही पद्धत आपल्या गडचिरोलीतच डॉ. बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बसवली आणि मग देशभर गेली, हे ट्रेनिंगला सांगितलं तेव्हा खूप भारी वाटलेलं. सगळ्या भेटी झाल्या, फॉर्म भरला की एका बाळामागं २५० रुपये.

एका पाड्यावर सातव्या दिवशी गेले, आजी म्हणे बाळ छान आहे, झोपलंय, उठवू नको. मी म्हटलं उठवत नाही नुसती बघते. ६८ भरले. परत मोजले ७० भरले, छाती आत ओढत होतं. १०८ ला फोन लावला, रेंज नाही, टेकाडावर पळत गेले. ती पोरगी आता तिसरीत आहे, मला बघितली की लपते, तिला इंजेक्शनवाली बाई वाटते मी. या एका गोष्टीवर माझी चार वर्ष निघाली असतील बघा.

पण २०२३ ला आम्ही ऑक्टोबरमध्ये संपावर गेलो, वाढ जाहीर झाली पण कागद निघेना, म्हणून पुढच्या वर्षी आझाद मैदानात परत जाऊन बसलो, तेव्हा जीआर निघाला. तेव्हा काही जण म्हणे तुमचं तर सेवेचं काम, तुम्ही पैशासाठी बसता. चौथी पिढी दादा, तुम्हाला पवित्र म्हणतात आम्हाला स्वयंसेविका म्हणतात. किराणावाला स्वयंसेविकेला पण तेवढेच पैसे लावतो.

---

तारेवरची_कसरत | गुरुवार, सकाळी ७:०५

वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता, १४ वर्षं. हिशोब करून सांगतो, १४ वर्षांतले १९ दिवस.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, रायगड आणि खाली दापोली-मंडणगडपर्यंत पोल काडेपेटीतल्या काड्यांसारखे आडवे. आम्हाला घाटावरून मदतीला पाठवलं. लॉकडाऊन, हॉटेल बंद, एका शाळेत मुक्काम, सुपारीच्या बागा मुळासकट उपटून रस्त्यावर पडलेल्या, आधी करवत घेऊन रस्ता करायचा मग पोल न्यायचा, खड्डा मारायचा, पाऊस चालूच. एक एक डीपी (वाडीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) चालू करत पुढे सरकायचं. लाइट आला की वाडीतून आवाज यायचा, वर्ल्डकप जिंकल्यासारखा. जनमित्र (म्हणजे आमचे लाइनमन) पोरं अक्षरशः पोलवर चढल्या चढल्या हसायची. एकाही माणसाने ओव्हरटाइम विचारला नाही (नंतर विचारला, आणि विचारायलाच पाहिजे).

उरलेली १४ वर्षं काय? थकबाकी वसुली. मार्च आला की टार्गेट. ज्या हाताने लाइट चालू केला त्याच हाताने कट करायचा, शिव्या खायच्या, एकदा तर कुत्रं सोडलं अंगावर. आणि गंमत म्हणजे पद तेच, ड्रेस तोच, शिडी तीच. त्यामुळे मला कुणी विचारलं तुझ्या कामात अर्थ आहे का तर मी विचारतो कुठल्या महिन्यात?

त्या १९ दिवसांच्या जिवावर बाकीचं काढलं असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. बाकीचं होम लोनच्या जिवावर काढलं. पण आपण काय करू शकतो ते एकदा बघून झालंय, एवढं आहे.

---

आयसीयूतला_इंजिनिअर | सकाळी ११:२०

@निळी_छत्री टेस्टिंगबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी मेडिकल उपकरणांमध्ये आहे, आमच्याकडे नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात थेरॅक-२५ शिकवतात. रेडिएशन देणारं मशीन, १९८५ ते ८७ मध्ये सहा जणांना भयंकर ओव्हरडोस गेला, काही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये सुरक्षेसाठी हार्डवेअरचे अडसर होते, यात ते काढून भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली. एक चूक तर अशी की ऑपरेटरने फार भराभर टाइप करून एंट्री दुरुस्त केली तरच उफाळायची. हळू टाइप करणाऱ्याला कधी दिसलीच नसती. ती वेळेत पकडणारी कुणी तुझ्यासारखी खवट बाई तिथे असती तर आज थेरॅक हे नाव कुणाला माहीतही नसतं. आपल्या धंद्याची हीच गोची आहे, जे घडलं नाही त्याचा फोटो काढता येत नाही.

---

निळी_छत्री | सकाळी ११:४५

खवट बाई! घरी दाखवते हे. पण माझं प्रॉडक्ट कॅन्सरचं नव्हतं हो, कूपन कोड लागू होतो का ते बघायचं होतं. मी नसते तर फार तर कुणाला तरी पन्नास रुपये जास्त सूट मिळाली असती.

---

कोपऱ्यातली_खुर्ची | दुपारी १२:१०

अवांतर: तुझे बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपला होते का? माझे मामा तिथे होते. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-नगर धावली, ती गोष्ट मामा आपण स्वतः ड्रायव्हर असल्यासारखी सांगायचे, जन्म ५१ चा असून.

---

निळी_छत्री | दुपारी १२:१८

नाही नाही, खाजगी वर्कशॉप होतं, ट्रॅव्हलच्या आणि शाळेच्या बस जास्त. नाव नको. मामा भारी आहेत :)

---

निळी_छत्री | रविवार, रात्री १०:५०

अपडेट देते. सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. चौथी_पिढी आणि रानवाटा, तुमचं वाचल्यावर मूळ धागा उडवून टाकावा वाटलेलं, मग म्हटलं राहू दे.

काल बाबांकडे गेले होते. जेवण झाल्यावर टीव्ही म्यूट केला (तेवढ्यावरून चिडले) आणि सरळ विचारलं, बाबा, तुम्हाला तुमच्या कामाचा अभिमान वाटायचा ना. तर म्हणाले, काय वाढायचं? मी परत ओरडून विचारलं. मग म्हणाले, अभिमान कसला, पहिली आठ वर्षं तर डोकं उठायचं, दिवसभर रिव्हेटचा (पत्रे जोडायच्या खिळ्यांचा) ठोका, पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज घुमायचा, रात्री झोपलं तरी कानात चालू. मधे दोनदा सोडून गावी जायचं ठरवलेलं, तुझा जन्म झाला आणि राहिलं. डावा कान त्यातच गेला.

मला हे माहीतच नव्हतं. ४३ वर्षांची झाले, टीव्हीच्या आवाजावरून मी त्यांची नक्कल करते, चारचौघांत हसवते, वर या धाग्यात पण केलीच आहे. तो कान कशाने गेला हे मी कधी विचारलं नाही. म्हातारपण म्हणून धरून चालले.

मग मी म्हटलं, अहो पण बसमध्ये चढल्यावर तुम्ही ते हात फिरवता, टकटक करता, ते काय असतं मग? त्यावर असे बघितले माझ्याकडे की हिला एवढं पण कळत नाही. म्हणाले, सुटलेला रिव्हेट शोधतो. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात घाईत मारलेला असतो, वरून दिसत नाही, हाताला लागतो. वाजवलं की बद आवाज येतो. आता आवाज नीट कळत नाही म्हणून हातानेच बघतो.

मी विचारलं, सापडला तर काय करता? म्हणाले, काय करणार, माझी बस थोडीच आहे. त्या सीटवर बसत नाही.

आई आतून म्हणाली, आणि मला बसवतात तिथे.

एवढंच. याचा काय अर्थ लावायचा मला सांगता येत नाहीये, आणि गुरुवारपासून नवीन प्रोजेक्ट आहे, परत कूपनच आहे, यावेळी किराणाचं. पण उद्या बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेतेय, अकराची वेळ मिळालीय. यायला तयार नाहीत. मी म्हटलं बसने जाऊ.

---

चौथी_पिढी | रात्री ११:०६

मशीन घेणार असाल तर एक सांगतो ताई, वडिलांना घेतलं होतं आम्ही. पहिले पंधरा दिवस फार चिडचिड करतात, भांड्यांचा आवाज सहन होत नाही. काढून फेकतील. परत लावायचं.

---

पोहे_विथ_शेव | रात्री ११:०९

आणि आईंना खिडकीची सीट द्या. चांगली बघून.